पहिला ठोका वाया गेला म्हणजे दारू सर्दावली?

अमेरिकेत कोल्टच्या १८५१ नेव्ही या जुन्या मॉडेलच्या धर्तीची ठासणीची रिव्हॉल्व्हरं हौसेने चालवणाऱ्यांत एक समज पक्का आहे: बार उडाला नाही, म्हणजे दारू सर्दावली. शंका रास्त आहे, पण आधी क्रम पाहा. घोडा केपेवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीवर पडतो, केप फुटते, ठिणगी निपलमधून, म्हणजे केप जिच्यावर बसते त्या पोकळ बोंडीतून, दारूपर्यंत जाते. केपच फुटली नसेल, तर दारूचा दोष कसा? बहुधा केप निपलवर पूर्ण बसलेली नसते. पहिला ठोका तिला नुसता खाली दाबण्यात खर्च होतो. नळी निशाण्याकडेच ठेवून मिनिटभर थांबा, मग तीच केप पुन्हा ठोका. उडाली, तर दोष मापाचा. केपांच्या १० आणि ११ या मापाच्या नंबरांत फरक असतोच, पण एकाच नंबरच्या केपाही उत्पादकागणिक बदलतात. केप फुटूनही बार गप्प राहिला, तर मात्र निपलचं भोक आणि दारू तपासा.