‘अकॉर्डिंग टू मी’ नको, ‘इन माय ओपिनियन’ म्हणा

ग्रुप डिस्कशन असो की बँकेची मुलाखत, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्ये सरावाला बसलेली हुशार पोरंसुद्धा तोंड उघडतात ते ‘अकॉर्डिंग टू मी’नेच. मला हे फार खटकतं, कारण त्यापुढचा मुद्दा बहुतेक वेळा चांगला असतो.

‘इन माय ओपिनियन’ म्हणजे माझं मत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ आहे तो ‘अकॉर्डिंग टू’चा. त्याने हवाला दिला जातो: ही गोष्ट मला कुणाकडून कळली.

पावसाळ्यात पाटबंधारे खातं कळवतं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला पोचली. इथे ‘अकॉर्डिंग टू द इरिगेशन डिपार्टमेंट’ अगदी बरोबर. आकडा त्यांचा, जबाबदारीही त्यांची. तुम्ही निरोप पोचवताय. पण ‘यंदा पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडणार’ हा अंदाज तुमचा आहे. तो ‘इन माय ओपिनियन’नेच सांगायचा. तिथे ‘अकॉर्डिंग टू मी’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या बोलण्याला स्वतःचीच साक्ष काढणं.

आपण फसतो ते ‘मते’मुळे. मराठीत ‘खात्याच्या मते’ही चालतं आणि ‘माझ्या मते’ही. म्हणून ‘म्हणण्यानुसार’ लावून बघा. ‘खात्याच्या म्हणण्यानुसार पाणी वाढतंय’ हे ठीक. पण गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून ‘माझ्या म्हणण्यानुसार पूर येणार’ असं कोण बोलतं? मराठीत जे कानाला खटकतं, तिथे इंग्रजीत ‘अकॉर्डिंग टू’ नकोच.

शिवाय ‘अकॉर्डिंग टू’ लावलं की बोलणारा थोडा बाजूला सरकतो. ‘अकॉर्डिंग टू हिम’ म्हणताना तुम्हाला ते पटलेलं असेलच असं नाही. मुलाखतीत तर तुमची भूमिका विचारलेली असते, तिथे बाजूला सरकून कसं चालेल?

‘अकॉर्डिंग टू माय ओपिनियन’ आणि ‘ॲज पर माय ओपिनियन’ हे दोन्ही आजच टाकून द्या. ‘ॲज पर’ नियमांना आणि परिपत्रकांना राहू दे.

बाकीचं किरकोळ. ‘माय पॉइंट ऑफ व्ह्यू’आधी ‘फ्रॉम’, ‘माय व्ह्यू’आधी ‘इन’. एखाद्या प्रश्नावरचं मत ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ने जोडा, माणसाविषयीचं ‘ऑफ’ने.

आणि मला विचाराल तर दहातल्या नऊ वेळा साधं ‘आय थिंक’ पुरतं. त्याला कुठलंच शब्दयोगी अव्यय लागत नाही.