यकृतपेशीतील स्कॅफोल्ड प्रथिने व पेशीकंकाल

स्वतः कोणतीही अभिक्रिया न घडवता इतर प्रथिनांना ठरावीक जागी एकत्र बांधून ठेवणाऱ्या प्रथिनास स्कॅफोल्ड प्रथिन म्हणतात. इमारतीच्या परांचीवरून हे नाव पडले. पण परांची काम संपल्यावर उतरवतात, हे प्रथिन मात्र पेशी जगते तोवर लागते.

यकृतपेशीतील उत्तम अभ्यासलेली जोडी म्हणजे रॅडिक्सिन आणि ईबीपी-५०. एझ्रिन, रॅडिक्सिन व मोएसिन ही तीन भावंड-प्रथिने पेशीच्या पटलाला पेशीकंकालातील (पेशीला आकार व आधार देणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातील) अ‍ॅक्टिन तंतूंशी जोडतात. यकृतपेशीत मुख्यतः रॅडिक्सिन असते. एझ्रिन पित्तनलिकेच्या पेशींत, तर मोएसिन रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आढळते. रॅडिक्सिनची दोन टोके एकमेकांत अडकलेली असली की ते निष्क्रिय असते. पटलातील पीआयपी२ हा मेद आणि शेपटाकडील ५६४ व्या क्रमांकाच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट यांमुळे ते उलगडते. मग एक टोक अ‍ॅक्टिनला धरते आणि दुसरे ईबीपी-५०ला. ईबीपी-५०च्या दोन पीडीझेड भागांना (इतर प्रथिनांची शेपटे पकडणाऱ्या खोबणींना) पटलातील वाहक प्रथिनांची शेपटे चिकटतात, उदा. पित्तात संयुग्मित बिलिरुबिन (यकृताने विद्राव्य केलेले पिवळे रंगद्रव्य) टाकणारे एमआरपी२. उंदरांतून रॅडिक्सिनचे जनुक काढल्यावर पित्तसूक्ष्मनलिकेच्या (शेजारच्या यकृतपेशींमधील पित्त वाहण्याच्या बारीक वाटेच्या) पटलावरील एमआरपी२ घटते आणि रक्तात संयुग्मित बिलिरुबिन वाढते, हे २००२ मध्ये दाखवले गेले. माणसातील डुबिन-जॉन्सन विकाराशी (एमआरपी२ काम न केल्याने होणाऱ्या आनुवंशिक काविळीशी) हे चित्र जुळते.

‘पातळी घटली’ हे विधान येथे जपून वाचावे. पेशीतील एकूण प्रथिन, अ‍ॅक्टिनला जखडलेला हिस्सा आणि पटलावरचा हिस्सा या तीन वेगळ्या राशी आहेत. स्कॅफोल्ड गेल्यावर बहुधा आधी बदलतो तो जागेचा हिशोब. जनुकाचा आरएनए तेवढाच राहू शकतो. सुटे पडलेले प्रथिन लवकर मोडीत निघत असेल तरच एकूण साठा घटतो. केराटिन ८ व १८ या पेशीकंकालाच्या तंतुप्रथिनांमध्ये हाच प्रकार दिसतो. ती स्कॅफोल्ड नव्हेत, पण केराटिन ८ नसले की जोडीदार १८ टिकत नाही.

मोजणीत गफलती होतात त्या बहुतेक नमुना घेतानाच. प्राणवायू तुटून एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) संपले की थ्रिओनिनवरचा फॉस्फेट झपाट्याने उतरतो. म्हणून ऊतक काढताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावे आणि बफरमध्ये फॉस्फेटेज-रोधक (फॉस्फेट तोडणारी विकरे थांबवणारी द्रव्ये) घालावेत. पेशी १% ट्रायटन एक्स-१०० या पटल विरघळवणाऱ्या द्रव्यात फोडून गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट (g) बलाने फिरवल्यास तंतुमय अ‍ॅक्टिन तळाशी बसते. १५,००० पट बलाला आखूड तंतू वरच्या द्रवात राहून आकडा फसवतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) रॅडिक्सिन व एझ्रिन दोन्ही सुमारे ८० किलोडाल्टनला येतात, त्यामुळे तिन्ही भावंडांना ओळखणारे प्रतिपिंड वापरले तर पित्तनलिका-पेशींची भेसळ रॅडिक्सिन म्हणून मोजली जाते. प्रत्येक नमुन्यात प्रथिन सारखेच घातले का, या तुलनेसाठी बीटा-अ‍ॅक्टिन घेणे तर उघड चूक, कारण प्रयोग अ‍ॅक्टिनभोवतीच फिरतो. त्याऐवजी पट्टीवरील एकूण प्रथिन रंगवून घ्यावे.

कोलॅजिनेज या विकराने सुट्या केलेल्या यकृतपेशी साध्या थाळीत ध्रुवीयता (पित्ताकडची व रक्ताकडची बाजू वेगळी असणे) गमावतात. पित्तसूक्ष्मनलिका परत तयार होण्यासाठी त्यांना कोलॅजेनच्या दोन थरांत काही दिवस वाढवतात. जनुकाचा आरएनए मोडणाऱ्या लहान आरएनएने स्कॅफोल्ड दाबल्यावर ४८ ते ७२ तास थांबावे लागते. जुने प्रथिन तोवर पेशीत असतेच. घट निर्मितीतली की विघटनातली, हे सायक्लोहेक्झिमाइडने नवी निर्मिती थांबवून काही तासांच्या अंतराने नमुने घेतल्यास कळते.