बंदूक गालाला विचारून घ्यावी

५ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका ही आपली जोडी स्कीटच्या (हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगनने, म्हणजे छर्र्यांच्या बंदुकीने फोडण्याचा खेळ) मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदकासाठी चीनशी लढली आणि ४३-४४ अशी हरली. एका चकतीने पदक गेलं. चारच दिवसांपूर्वी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं होतं, त्यामुळे आमच्या घरी नेमबाजीचा विषय तापलेलाच होता. आमचे एक काका म्हणाले, "रायफलीचं ठीक आहे रे. पण ही तर छर्र्यांची बंदूक. फवाराच तो! तोंड तिकडे केलं की काहीतरी लागतंच." काका कोकणातले, शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक पाहत वाढलेले. त्यांना उत्तर द्यायला कागद-पेन्सिल घेतली, आणि शॉटगन नव्याने शिकणाऱ्याने बंदूक कशी निवडावी, याचंही उत्तर त्याच कागदावर सापडलं.

आधी फवाऱ्याचा हिशोब. स्पर्धेच्या काडतुसात फार तर २४ ग्रॅम छर्रे असतात. ट्रॅप या चकत्यांच्याच दुसऱ्या प्रकारात वापरतात ते साधारण २.४ मिलिमीटर जाडीचे, म्हणजे एका काडतुसात सुमारे ३०० छर्रे झाले. नळीचं तोंड जरा आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोक असेल तर ३६-३७ मीटरवर यातले ७० टक्के, म्हणजे २१० छर्रे, ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. चकती ११ सेंटिमीटर व्यासाची आणि अडीच सेंटिमीटर उंचीची. ती कडेने दिसते तेव्हा आपल्यासमोर जेमतेम वीस-बावीस चौरस सेंटिमीटर येतात. आता त्रैराशिक मांडा. तेवढ्या जागेत सरासरी एक छर्रा.

ही झाली सरासरी. छर्रे सारखे पसरत नाहीत, मध्ये दाट आणि कडेला विरळ असतात. त्यामुळे चकती वर्तुळाच्या मध्यावर आली तर तिला दोनेक छर्रे मिळतात, आणि कडेवर आली तर अर्धा. अर्धा छर्रा म्हणजे दोनदा उडवा तेव्हा एकदा लागेल, तोही नशिबाने. (चकतीच्या इंग्रजी नावात "क्ले", म्हणजे माती, असली तरी ती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारख्या पिचपासून बनते. तिचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा उडाला तरच गुण मिळतो.) फवारा आहे, हे काकांचं खरं. पण फवाऱ्यालाही मध्य असतो, आणि सगळा खेळ तो मध्य चकतीवर नेण्याचा.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. रायफलीला नेम धरायला दोन खुणा असतात, एक डोळ्याजवळ आणि एक नळीच्या टोकाला. दोन बिंदू मिळाले की सरळ रेषा ठरते, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. शॉटगनला मात्र टोकाला एक मणी असतो आणि मागे काहीच नसतं. मग मागचा बिंदू कोणता? तुमचा डोळा. आणि तो डोळा कुठे राहील हे ठरवतं दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचं, लाकूड. दस्त्याच्या वरच्या काठावर गाल टेकतो आणि गालाच्या वर डोळा येतो. काठ उंच असेल तर डोळा उंच, सखल असेल तर सखल. म्हणजे नेम धरण्याच्या यंत्राचा अर्धा भाग दुकानात मिळतो आणि उरलेला अर्धा तुमच्या चेहऱ्यावर असतो.

चूक किती महागात पडते पाहा. डोळ्यापासून मण्यापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर. मण्यापासून चकती समजा ३५ मीटर. सारखे त्रिकोण आठवा: डोळा १ मिलिमीटर वर सरकला तर छर्रे ३५ मिलिमीटर वर जातात. ३ मिलिमीटर सरकला तर १०५, म्हणजे जवळजवळ एका चकतीची रुंदी. तीन मिलिमीटर म्हणजे वहीचं जाडसर पुठ्ठ्याचं कव्हर. किंवा गालाचं मांस एकदा दाबून ठेवलं आणि एकदा सैल सोडलं, यातला फरक.

सूत्रच हवं असेल तर: डोळ्याची चूक द, डोळा ते मणी हे अंतर अ, मणी ते लक्ष्य हे अंतर ल, तर छर्र्यांची चूक = द × ल ÷ अ. डोळा वर गेला की मारा वर जातो, डावीकडे गेला की डावीकडे. दस्ता आखूड असेल तर डोळा पुढे सरकतो, अ कमी होतो आणि चूक आणखी फुगते. शिवाय दस्त्याचा काठ पुढून मागे उतरता असेल तर गाल पुढेमागे झाल्याने द सुद्धा बदलतो, म्हणजे एक चूक दुसरीला जन्म देते. सूत्र नको असेल तर गल्लीतलं क्रिकेट आठवा. चेंडू कुठे गेला ते बघायला डोकं वर काढलं की दांडी गुल. शॉटगनमध्ये नवशिक्याची पहिली चूक हीच: चकती फुटली का ते पाहायला तो चाप ओढता ओढताच गाल उचलतो, डोळा दोन सेंटिमीटर वर जातो आणि छर्रे ७० सेंटिमीटर वरून निघून जातात.

ट्रॅप आणि स्कीटच्या बंदुका वेगळ्या का, हेही यातूनच कळतं. ट्रॅपमध्ये चकती समोरच्या खंदकातून सुटून आपल्यापासून दूर आणि वर जाते. म्हणून ट्रॅपच्या दस्त्याचा काठ मुद्दाम उंच ठेवतात. मारा थोडा वर लागतो, आणि चकती नळीमागे न लपता मण्याच्या वर दिसत राहते. स्कीटमध्ये चकत्या दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून आडव्या जातात, तिथे सपाट मारा बरा. पण स्कीटची खरी गंमत अशी की चकती दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. "सोडा" म्हटल्यावर शून्य ते तीन सेकंदांत कधीही चकती सुटते. मग बंदूक खांद्याला, गाल लाकडाला आणि डोळा जागेवर, हे सगळं क्षणात. जिथे गाल आपोआप पडतो, तिथेच लाकूड असायला हवं. जुळवून घ्यायला वेळच नसतो.

या हिशोबाला एक भयंकर अपवाद आहे. काही लोक उजव्या हाताचे असतात, पण त्यांचा डावा डोळा प्रबळ असतो. बंदूक उजव्या खांद्यावर, दोन्ही डोळे उघडे, आणि मेंदू नेम धरतो डाव्या डोळ्याने. दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिलिमीटर अंतर. ६३ गुणिले ३५, म्हणजे चूक सव्वादोन मीटर! असा माणूस जगातली सर्वांत महाग इटालियन बंदूक घेऊनही शेजारच्या हवेवर गोळ्या झाडत बसतो. तपासायला पैसे लागत नाहीत. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून समोरचं घड्याळ पाहा, आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहतं, तो प्रबळ. बंदूक पाहायला जाण्याआधी हे घरी करा. डावा निघाला तर डाव्या खांद्यावर शिकणं चांगलं, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटीशी चिकटपट्टी.

दुसरा गैरसमज वजनाचा. "नवीन आहे, मुलगी आहे, हलकी बंदूक द्या" असं सर्रास म्हणतात. न्यूटनला विचारा. २४ ग्रॅम छर्रे, आतली प्लॅस्टिकची वाटी आणि दारूचा वायू मिळून पुढे जाणारा संवेग अंदाजे ११.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच मागे येतो. बंदूक ३.६ किलोची असेल तर ती ३.२ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येते, धक्क्याची ऊर्जा सुमारे १८ ज्यूल. २.८ किलोची असेल तर जवळजवळ २४. हलकी बंदूक हातात सोपी वाटते आणि खांद्याला नडते. मार खाल्लेला खांदा पुढच्या वेळी आधीच आकसतो, आणि खांदा आकसला की गाल उचलला जातो. म्हणजे पुन्हा तेच सूत्र. शिवाय चकतीच्या पुढे राहण्यासाठी बंदूक वळती ठेवावी लागते. स्कीटच्या मधल्या जागेवरून साधारण एक मीटर पुढे मारावं लागतं. जड आणि लांब नळी एकदा वळायला लागली की सहज थांबत नाही. ७१ ते ७६ सेंटिमीटरची नळी नवशिक्याला पुरते. "नळी जितकी लांब तितका मारा लांब" ही ठासणीच्या काळ्या दारूच्या जमान्यातली समजूत. आजच्या दारूचा जोर नळीच्या पहिल्या भागातच संपत आलेला असतो.

बोअरचा घोळ नको, बारा घ्या. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेक गोळी नेमकी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, सुमारे १८.५ मिलिमीटर. लहान बोअरमध्ये छर्रेच कमी, म्हणजे आधीच्या हिशोबातला "एक छर्रा" आणखी गरीब होतो. आणि गावाकडच्या आडव्या दुनळीऐवजी एकावर एक नळ्या असलेली घ्या. नजरेसमोर एकच अरुंद पट्टी येते, आणि मध्यात दुमडून उघडली की ती रिकामी आहे हे दहा फुटांवरूनही दिसतं.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा जरूर करा, मला त्यात आनंदच आहे. मात्र मागच्या वर्षी एका ओळखीच्यांनी नळीला लिंबू-मिरची बांधली आणि आत गंज तसाच ठेवला. लिंबाला गंज कळत नाही. हीच गोष्ट "छर्रे दहा मीटर लांब नेणाऱ्या" महागड्या चोकची. चोक पसारा आवरतो, वेग देत नाही.

विकत घेण्याची घाई नको. परवान्याला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि प्रक्रिया लांबते, तोवर रेंजवरच्या बंदुका वापरून पाहा. बंदूक रिकामी आहे हे स्वतः तपासा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग उघडा. नळीवरची पट्टी नुसती रेघ दिसली पाहिजे. ती दिसतच नसेल तर काठ सखल, लांबच लांब रस्त्यासारखी दिसली तर काठ उंच. मग प्रशिक्षकासमोर १६ मीटरवर मोठा कागद लावून मध्यावरच्या ठिपक्यावर पाच-सहा काडतुसं झाडा. इथे १६ मिलिमीटरच्या चुकीला दस्त्यातला १ मिलिमीटर, हिशोब तोंडी होतो. माझे छर्रे आठ सेंटिमीटर खाली लागत होते, म्हणजे पाच मिलिमीटर लाकूड कमी. सुतार शोधण्याआधी मी दस्त्यावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे थर चढवत गेलो. सातव्या थराला छर्रे ठिपक्यावर आले. ती पट्टी अजून तशीच आहे, मळलेली.