राखेच्या कड्यावरचं कॅथेड्रल

रोमहून फ्लॉरेन्सकडे रेल्वेने जाताना ऑर्विएतो आधी दिसतं ते कडा म्हणून, गाव म्हणून नंतर. दरीतून ताठ उभी राहिलेली पिवळट-तपकिरी भिंत, वर सपाटी, आणि छपरांच्या गर्दीतून एकटंच वर आलेलं कॅथेड्रल. जवळ गेल्यावर कळतं, त्याच्या भिंतींवर आडवे पट्टे आहेत. पांढरे ट्रॅव्हर्टाइन या चुन्याच्या दगडाचे, काळे बेसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडाचे.

एवढं ओझं उभं आहे ते मात्र टफवर. तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखींनी ओकलेली तप्त राख थरावर थर बसून घट्ट झाली, तो हा दगड. छिन्नीने सहज कोरता येतो. म्हणून रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या काळापासून इथले लोक घराखाली खणत आले: विहिरी, तळघरं, कबुतरखाने, दारूची कोठारं. आज गावाच्या पोटात हजाराहून अधिक गुहा आहेत.

कॅथेड्रलची पायाभरणी 1290 सालची. शेजारच्या बोल्सेनात 1263 मध्ये प्रार्थनेच्या वेळी पवित्र भाकरीतून रक्त आल्याचा चमत्कार घडला, असं सांगतात. त्याची साक्ष मानलेलं वस्त्र इथे जपलेलं आहे. पण काही वर्षांतच भिंती तग धरतील का, अशी शंका आली. 1310 मध्ये सिएनाच्या लोरेन्झो माइतानीला बोलावलं, आणि त्याने भिंतींना बाहेरून टेकू आणि कमानी दिल्या. दर्शनी भागाची ख्याती त्याच्या नावावर आहे खरी, पण गावाला तो हवा होता दुरुस्तीसाठी.

खरा धोका मात्र कॅथेड्रलच्या वजनाचा नाही. टफच्या खाली जुन्या समुद्रतळाची चिकणमाती आहे. टफमधून पाणी झिरपतं, मातीत मात्र खोल शिरत नाही. ते दोन्हींच्या सांध्याशी साचतं आणि वरची माती भिजवतं. पायथा सरकला की वरचा ठिसूळ कडा तडकतो आणि त्याचे तुकडे कोसळतात. याच साचलेल्या पाण्याचा उपयोगही झाला. 1527 मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी असावं म्हणून त्याने अंतोनिओ दा सांगालोकडून सुमारे 53 मीटर खोल विहीर खोदवून घेतली. तिला 248 पायऱ्यांचे दोन वळणदार जिने आहेत, एकमेकांना न छेदणारे. खेचरं एकाने उतरत, पाणी घेऊन दुसऱ्याने चढत. वाटेत समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. माझ्या मते गावातली सगळ्यात हुशार रचना हीच, कॅथेड्रलचा झगमगाट बाजूला ठेवून.

पुढे नळ आले आणि संकट वाढलं. गळके नळ आणि गटारांचं पाणी थेट कड्यात नि उतारावर जाऊ लागलं. भूस्खलनांनंतर 1978 मध्ये इटलीने ऑर्विएतो आणि टोडी या दोन गावांसाठी खास कायदा केला. कड्यात पोलादी सळया रोवल्या, गुहांना आधार दिले, उतारावरचं पाणी वळवलं. त्याच कामात गावाचे नळ आणि गटारंही नव्याने टाकली गेली.