पहिलं प्रेम, घरची भांडणं आणि कॉर्टिसॉल

‘दहावी-बारावीतलं प्रेम म्हणजे हार्मोन्सचा खेळ, दोन महिन्यांत उतरेल.’ हार्मोन्स आहेत हे खरं, पण लोकांच्या मनात असतात ते नव्हेत. घरी रोजची दारू, मारहाण किंवा दारात उभे राहणारे वसुलीवाले असतील, तर त्या मुलामुलींचं प्रेम समजून घेताना आधी कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनकडे पाहायला हवं.

घरात आवाज चढला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. त्यामुळे पीयूष ग्रंथी रक्तात एसीटीएच हे हार्मोन सोडते, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवू लागतात. याला वेळ लागतो. भांडण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी लाळेतलं कॉर्टिसॉल शिगेला पोचतं. म्हणजे भांडण मिटून ताटं वाढली, तरी पोराच्या अंगात ते तेव्हा कुठे चढत असतं. पुढे कॉर्टिसॉलच हायपोथॅलॅमसला ‘पुरे’ म्हणतं. रोजच्या ताणात हा लगाम बिघडतो.

लहानपणी आई-बाप नुसते जवळ असले, तरी तेवढ्यानेही ही साखळी दबते. मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनर यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. तयारीच्या वेळी सोबत पालक असले, तर ९-१० वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. १५-१६ वर्षांच्या मुलांत मात्र पालक असोत की अनोळखी माणूस, फरक पडला नाही. पालकांची ही ढाल वयानुसार पातळ होतेच. पालकच ताणाचं कारण असतील तिथे ती आधीच फाटकी. मग क्लासच्या जिन्यात रोज दहा मिनिटं भेटणारं माणूस एवढं मोलाचं का वाटतं, हे कोडं उरत नाही.

आता ताटातुटीकडे, आणि त्यासाठी व्होलकडे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानातला हा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो. ऑलिव्हर बॉश, लॅरी यंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही नरांना मादीसोबत, काहींना भावासोबत ठेवलं आणि नंतर त्यांतल्या निम्म्यांना वेगळं केलं. भावापासून तुटलेल्यांना विशेष काही झालं नाही. मादीपासून तुटलेले पाण्यात सोडल्यावर धडपड न करता नुसते तरंगत राहिले. सीआरएफचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची ते पकडणारी कुलपं, औषधाने बंद केल्यावर ही मरगळ गेली. पण खरी गंमत पुढेच आहे. बीएनएसटी या मेंदूच्या भागात सीआरएफ बनवण्याचा संदेश, म्हणजे एमआरएनए, जोडी जमलेल्या सगळ्याच नरांत वाढलेला होता. मादी शेजारी असलेल्यांतसुद्धा! विरहाचा दारूगोळा सुखाच्या दिवसांतच ठासून ठेवलेला असतो. ताटातूट फक्त वात पेटवते. व्होल म्हणजे माणूस नव्हे, हे धरूनही हा निष्कर्ष मला फार देखणा वाटतो.



प्रेमाचं घरी कळलं की पहिला हुकूम निघतो मोबाइल काढून घेण्याचा आणि क्लास बंद करण्याचा. ताण तोच, सोबती गेला, वात पेटली. मग झोप उडते, जेवण सुटतं, पाठांतर टिकत नाही. याला नाटक म्हणू नये. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, संपर्क एका फटक्यात तोडू नये. आई जवळ बसल्याने सोळाव्या वर्षी कॉर्टिसॉल उतरेलच असं नाही, तरी आत्या, मावशी, कुणीतरी उलटतपासणी न करता सोबत असावं. दोन आठवड्यांत झोप-जेवण सावरलं नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. तो चोवीस तास चालू असतो. जीव देण्याची भाषा निघाली तर दोन आठवडे कसले, त्याच क्षणी. घरात मारहाण होत असेल तर मुलांना स्वतःलाही मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लावता येतो.