यहुदी समाजातील मतभेदाची शिस्त

धर्मनियमांच्या अर्थावरून किंवा सामुदायिक कारभारावरून सभासदांत वाद उद्भवल्यास तो कसा चालवावा, याविषयी यहुदी परंपरेत रूढ झालेली शिस्त. तिचा आधार रब्बी (यहुदी धर्मपंडित) यहूदा हानासी यांनी इ. स. 200 च्या सुमारास संकलित केलेल्या मिश्ना या मौखिक धर्मनियमांच्या ग्रंथात आढळतो. त्यातील ‘पिर्के आवोत’ या भागानुसार ईश्वरासाठी केलेला वाद टिकतो, इतर वाद टिकत नाही. पहिल्याचे उदाहरण म्हणून हिलेल व शम्माई या दोन प्राचीन धर्मपंडितांचा, तर दुसऱ्याचे म्हणून यहुद्यांचा नेता मोशे याच्याविरुद्ध उठलेल्या कोरहाचा उल्लेख येतो.

हिलेल व शम्माई यांच्या अनुयायांचे विवाहविषयक नियमांवरही तीव्र मतभेद होते. तरीही त्यांनी परस्परांत सोयरीक करणे थांबवले नाही, अशी नोंद मिश्नामध्ये आहे. तालमूद या मिश्नावरील चर्चाग्रंथातील एरुविन प्रकरणानुसार दोन्ही पक्षांची वचने जिवंत देवाचीच आहेत, परंतु आचरण हिलेलच्या शिष्यपरंपरेप्रमाणे करावे, असा आकाशवाणीने निर्वाळा दिला. त्याचे कारण विद्वत्ता हे नव्हे. हिलेलचे शिष्य सौम्य व नम्र होते, प्रतिपक्षाचे मतही शिकवत आणि ते स्वतःच्या मताआधी मांडत, हे कारण तेथे दिले आहे. अमान्य झालेले अल्पमत ग्रंथात जपून ठेवण्याची प्रथाही याच वृत्तीची आहे, कारण पुढील काळातील न्यायसभेला त्याचा आधार घेता यावा, असे मिश्नाच म्हणते.

ही परंपरा स्वतःचे अपयशही लपवत नाही, आणि तिचे खरे मोल तेथेच दिसते. ‘आख्नाईची भट्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका भट्टीच्या धार्मिक शुद्धतेवरून रब्बी एलिएझर एकटे पडले. त्यांच्या बाजूने चमत्कार घडले, तरी ‘धर्मशास्त्र आता स्वर्गात नाही’ असे सांगून रब्बी यहोशुआ यांनी बहुमताचा निर्णय उचलून धरला. पुढे एलिएझर यांना बहिष्कृत करण्यात आले. ती वार्ता कठोरपणे कानी पडू नये म्हणून रब्बी अकिवा काळी वस्त्रे लेवून गेले, चार हात दूर बसले आणि ‘सहकारी आपल्यापासून दुरावले आहेत असे वाटते’ एवढेच बोलले. तालमूदने ही कथा शब्दांनी माणसाला दुखावण्याच्या पापाची चर्चा करताना सांगितली आहे. बहुमताचा निर्णय बंधनकारक असला, तरी एलिएझर यांच्या वाट्याला आलेल्या दुःखाचे समर्थन त्यातून होत नाही, हा तिचा रोख दिसतो.

मध्ययुगीन जर्मनी व उत्तर फ्रान्समधील यहुदी समाजांत, आपली तक्रार ऐकली जात नाही असे वाटणाऱ्या सभासदाला सामुदायिक प्रार्थना थांबवून दाद मागता येत असे. या हक्काचा गैरवापर होऊ नये म्हणून त्यावर मर्यादा घालणारे नियम मेन्झचे रब्बेनू गेर्शोम यांच्या नावे सांगितले जातात. हक्क मात्र काढून घेण्यात आला नाही.

मुंबईतील पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर), शाआर हारहामिम, सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये उभारले. पुढे बेने इस्राएल या महाराष्ट्रातील यहुदी मंडळींत सिनेगॉगचा कारभार मुकादम व चौगुले पाहत, आणि समाजातील तंटेही त्यांच्यापुढे येत. ही पदनावे कोकण व देशावरील गावगाड्यातून आलेली आहेत.