कीश की फ्रिटाटा? आधी दूध मोजा

परवा नौपाड्यातल्या एका कॅफेत 'पालक-मशरूम कीश' (म्हणजे अंडी आणि भरपूर दूध-क्रीमचं ओव्हनमध्ये भाजलेलं मऊ, तिखटमिठाचं कस्टर्ड) वाचून हौसेने मागवली आणि प्लेटमध्ये आलं ते जाडजूड आम्लेट, कापलं तर खाली पाणी सुटलेलं आणि बाजूचा टोस्ट त्या पाण्याने पार भिजलेला. हे इतक्या वेळा झालंय की आता लिहितेच.

फ्रिटाटा म्हणजे जाड आम्लेटच, त्यावर फार बोलत नाही, आम्लेट सगळ्यांना येतं. हा इटालियन प्रकार, नावच तिकडच्या 'तळणे' या शब्दावरून आलंय. सहा अंडी, दोन-चार चमचे दूध, परतलेल्या भाज्या, चीज, जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर ठेवायचं, कडा धरल्या की ओटीजीत वरच्या रॉडखाली पाच मिनिटं. पॅनचा दांडा प्लास्टिकचा असेल तर ओटीजीच्या नादी लागू नका, ताटली पालथी घाला आणि उलटवा, ही तिकडची जुनीच पद्धत आहे.

कीश फ्रान्सच्या लोरेन भागातली. आणि कीशच म्हणा, क्विश नाही, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आता खरी गडबड. जो तो सांगतो की खाली मैद्याचं कवच असलं की कीश, नसलं की फ्रिटाटा. अजिबात नाही! बिनकवचाची कीश असते आणि ती कीशच असते, कारण कीश म्हणजे आतलं कस्टर्ड. एका अंड्याला साधारण अर्धा कप म्हणजे १२० मिली दूध-क्रीम, चार अंड्यांना जवळजवळ अर्धा लिटर. फ्रिटाटात तेवढ्याच अंड्यांना पाव कपसुद्धा लागत नाही. माझ्या वहिनीने वाशीहून फोन केला, अगं कवच नको म्हणून काढलं आणि दूधही कमी केलं, तर रबर झालं. होणारच, दूध काढलं तिथेच कीश संपली.

दूध एवढं का लागतं तर नुसतं फेटलेलं अंडं ७० डिग्रीच्या थोडं पुढे गेलं की घट्ट होतं, पण दूध घातलं की अंड्यातली प्रोटीन्स लांब लांब पसरतात, त्यांना एकमेकांना धरायला जास्त उष्णता लागते, साधारण ८० च्या आसपास, आणि जी जाळी बनते ती मऊ, दूध पोटात धरून ठेवणारी. खरवस आठवा! चमचा घातला की थरथरतो तो खरवस, कीश तशी हवी. पण ती अजून थोडी तापली की जाळी आवळते आणि पाणी बाहेर पिळून टाकते, म्हणून ओव्हन १६० वरच ठेवायचा, ४०-४५ मिनिटं, आणि कडा घट्ट पण मधला वाटीएवढा भाग हलत असतानाच बाहेर काढायची. घाबरू नका, बाहेर ठेवल्यावर आतल्या उष्णतेने तो भाग धरतो. अर्धा तास सुरीला हात लावायचा नाही.

फ्रिटाटाला हे लाड नकोत, त्याला २०० पण चालतं.

भाज्यांचं दोन्हीकडे सारखंच, पालक पिळून, मशरूम पाणी आटेपर्यंत परतून. चीज कुठलंही, फक्त क्यूबवालं प्रोसेस्ड असेल तर मीठ बेताने, ते आधीच खारट असतं.

मला विचाराल तर पाहुणे असतील तेव्हा कीश, तीही बिनकवचाची, कारण कच्चट मैदा मला सहन होत नाही. डब्याला मात्र फ्रिटाटाच, रात्री करून ठेवला की सकाळी ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत डबा कितीही आडवातिडवा झाला तरी काप जसेच्या तसे राहतात.